जपानी ‘मिजुकु’ : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकवताना आणि भाषांतराची कामं करताना या एका शब्दाबद्दल इतक्यांदा विचारणा झाली, की शेवटी सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून काढली. प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही जपानी कंपन्यांत काम करणाऱ्यांचे आहेत, आणि दोन-तीन अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) बघणाऱ्या भाचरांचे.

‘मिजुकु’ म्हणजे काय?

अजून न पिकलेला. फळ असेल तर कच्चं, कारागीर असेल तर हात न बसलेला, माणूस असेल तर समज पुरती न आलेला. शब्दकोशात ‘अपरिपक्व’ असं मिळतं. ते चूक नाही, पण त्याने शब्दाचा जीव निसटतो.

का? अपरिपक्व म्हणजेच कच्चा ना?

फरक पहिल्या अक्षरात आहे. मिजुकु दोन चित्राक्षरांनी लिहितात, ‘मि’ आणि ‘जुकु’. नकार दाखवायला जपानीत निरनिराळी अक्षरं आहेत: ‘फु’ म्हणजे नाही, ‘मु’ म्हणजे अभाव, ‘हि’ म्हणजे त्यातलं नव्हे. ‘मि’ म्हणजे ‘अजून नाही’. मिराई म्हणजे भविष्यकाळ, शब्दशः ‘अजून न आलेलं’. मितेई म्हणजे अजून न ठरलेलं, मिकान म्हणजे अजून पुरं न झालेलं. (संत्र्यासारख्या त्या गोड फळालाही मिकान म्हणतात, पण ती अक्षरं वेगळी.)

आपल्या ‘अ’मध्ये ही वाट बघणं नाही. अपरिपक्व म्हटलं की शिक्का बसला. मिजुकु म्हटलं की पिकायला वेळ आहे एवढंच. म्हणून मी वर्गात ‘अपरिपक्व’ऐवजी ‘अजून कच्चा’ असं लिहायला सांगते, आणि त्यातला ‘अजून’ गाळला तर मार्क कापते.

ती अक्षरं ओळखायची कशी?

‘मि’चं अक्षर म्हणजे झाडाचं अक्षर, वर एक जास्तीची आडवी रेघ. ही वरची रेघ खालच्या रेघेपेक्षा आखूड. उलट केलीत, म्हणजे वरची लांब आणि खालची आखूड, तर ते ‘मात्सु’चं अक्षर होतं आणि त्याचा अर्थ ‘शेवट’. एका रेघेच्या लांबीवर ‘अजून नाही’ आणि ‘संपलं’ यांतला फरक टिकून आहे. परीक्षेत हमखास चुकतं. हेच ‘मि’ बारा वर्षांच्या प्राणिचक्रात मेंढीसाठी वापरतात. २०१५ हे मेंढीचं वर्ष होतं, पुढचं २०२७.

‘जुकु’ पंधरा रेघांचं आहे. तळाशी चार ठिपके दिसतील, तो विस्तव. अक्षराचा मूळ अर्थ नीट शिजवणं. पिकणं, मुरणं, कसब येणं हे सगळे अर्थ पुढे त्यातून फुटले. आपल्याकडेही ‘पक्व’ आणि ‘पाक’ एकाच धातूतून आलेत, पिकणं आणि शिजणं शेजारीशेजारी. चिनी आणि संस्कृत या दोन अगदी वेगळ्या घरांनी हा विचार केला, याची मला अजून गंमत वाटते.

उच्चार कसा करायचा?

मि-जु-कु, तीन मात्रा, तिन्ही ऱ्हस्व. शेवटचा ‘उ’ इतका हलका की कानाला ‘मिजुक्’ वाटेल. मराठी माणसाची खरी अडचण ‘ज’ची. ‘जुना’मधला ज नको, ‘जुलै’मधला हवा. आणि मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने शेवटचा उकार दीर्घ करून ‘मिजुकू’ लिहाल तर चालेल, पण तसा लांबवून बोलू नका.

फळाला खरंच वापरतात की नुसता लाक्षणिक अर्थ उरलाय?

वापरतात. ‘मिजुकु ना काजित्सु’ म्हणजे कच्चं फळ. पण बाजारात जास्त दिसेल तो उलटा शब्द, ‘कान्जुकु’, म्हणजे पूर्ण पिकलेलं. टोमॅटोच्या खोक्यावर असतो, आंब्यावर तर असतोच. क्यूशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतात आंबा झाडावरच पूर्ण पिकू देतात. प्रत्येक फळाला जाळी बांधतात, आणि फळ आपणहून देठ सोडून त्या जाळीत पडलं की ते कान्जुकु. त्यातला निवडक माल ‘ताइयो नो तामागो’, म्हणजे ‘सूर्याचं अंडं’, या नावाने विकतात; त्यासाठी फळ किमान ३५० ग्रॅमचं आणि गोडी किमान १५ अंश ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) लागते.

कोकणी बागायतदाराला हे ऐकून घाम फुटेल. आपला हापूस चौदा आणे तयार झाला की झेल्याने उतरवतात आणि भाताच्या पेंढ्यात अढी घालून पिकवतात. म्हणजे आपल्याकडे ‘कच्चा’ आणि ‘पिकलेला’ यांच्या मध्ये ‘तयार’ नावाची एक पायरी आहे: खायला कच्चाच, पण आता पिकणार याची खात्री. मिजुकुमध्ये ही खात्री नाही. तो कधी पिकेल ते शब्द सांगत नाही. आंबे आणि माणसं दोन्ही ओळखणाऱ्या भाषेला ही पायरी सुचली, याचा मला अभिमान आहे, बाकी हापूस-मियाझाकी वादात मी पडत नाही.

वाक्यात कसा वापरायचा?

‘ना’ लागणारं विशेषण आहे. नामाआधी ‘मिजुकु ना’, वाक्याच्या शेवटी ‘मिजुकु दा’ किंवा ‘मिजुकु देसु’. ‘सा’ जोडला की भाववाचक: मिजुकुसा, कच्चेपणा. ‘मोनो’ जोडला की माणूस: मिजुकुमोनो, कच्चा गडी.

गिजुत्सु गा मिजुकु दा – कसब कच्चं आहे.
सेइशिन्तेकी नि मिजुकु दा – मनाने अजून कच्चा आहे.
मादा मिजुकु देसु – मी अजून कच्चाच आहे.

तिसऱ्या वाक्यातल्या ‘मादा’ला पहिल्या आठवड्यात वर्ग हमखास हसतो. हसून घ्या आणि विसरा, त्याचा अर्थ ‘अजून’.

वर्तमानपत्रांत आणि खेळाडूंच्या मुलाखतींत एक ठरलेली जोडी भेटेल: ‘मिजुकुसा ओ त्सूकान सुरु’. त्सूकान म्हणजे एखादी गोष्ट कळ लागेपर्यंत जाणवणं. सामना हरलेला कुस्तीगीर असं म्हणतो तेव्हा तो सबब देत नसतो, अंगावर घेत असतो.

जपानी माणसं स्वतःलाच मिजुकु का म्हणतात?

हाच या शब्दाचा मुख्य वापर आहे, आणि मराठी विद्यार्थ्यांना समजायला सगळ्यांत उशीर याचाच लागतो.

नवीन खात्यात रुजू होताना, बढती मिळाल्यावर, भाषण सुरू करताना माणूस म्हणतो, ‘मादामादा मिजुकुमोनो देसु गा…’. मी अजून पुष्कळ कच्चा आहे, पण… आणि पुढे ‘सांभाळून घ्या’ या अर्थाचं ‘योरोशिकु ओनेगाई इताशिमासु’. तीस वर्षं तेच काम केलेला माणूसही हे म्हणतो. हा कबुलीजबाब नाही. ऐकणाऱ्याला वरची जागा देण्याची रीत आहे. आपल्याकडे वक्ता ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय’ म्हणतो तेव्हा सभेतलं कोणी ‘हो, तोंड लहानच आहे’ असं म्हणत नाही. तसंच हे.

मग समोरचा ‘मी मिजुकु आहे’ म्हणाला, तर काय उत्तर द्यायचं?

‘इए इए, तोन्देमोनाई.’ छे छे, काहीतरीच काय. ‘हाई, सो देसु ने’ (हो, खरंय) हे उत्तर कधीही नाही. मान डोलावणंही टाळा. आपली मान ऐकताना आपोआप हलते आणि तिकडे ती होकार वाटते.

लग्नातही हा शब्द ऐकला, तो कसा?

स्वागत समारंभात नवं जोडपं पाहुण्यांचे आभार मानतं त्यात ‘मिजुकु ना फुतारी देसु गा’ येतं: आम्ही दोघं अजून कच्चे आहोत. लगेच पुढे ‘गो-शिदो, गो-बेन्तात्सु’ची विनंती, म्हणजे मार्गदर्शन आणि उत्तेजन. यातल्या ‘बेन्तात्सु’चं पहिलं अक्षर चाबकाचं आहे. चाबूक मारून हाका, असं शब्दशः. कोणी मारत नाही.

याचा जुना भाऊ ‘फुत्सुत्सुकामोनो’. ‘मी काही फार जाणती, वळणाची नाही, पण कायमचं सांभाळून घ्या’ असं नवरी म्हणायची. आपल्याकडे हेच वाक्य नवरीची आई विहिणीला म्हणते, ‘पोर अजून अल्लड आहे, पदरात घ्या’. तिकडे नवरी स्वतः बोलते, इकडे तिच्या वतीने आई बोलते. आता दोन्हीकडच्या मुलींना हे वाक्य फारसं आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसऱ्याला मिजुकु म्हटलं तर चालतं का?

गुरू शिष्याला म्हणू शकतो. वरिष्ठ एखाद्याला खडसावताना म्हणू शकतो. बाकी कोणी म्हटलं तर ती थप्पड आहे.

मी खाल्लेली ठेच सांगते. भाषांतराच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अहवालात ‘टीम अजून नवखी आहे’ हे वाक्य होतं. मी जपानीत ‘मिजुकु’ लिहिलं. बैठकीत पलीकडच्या बाजूला कोणी काही बोललं नाही, फक्त पानं उलटण्याचा आवाज थांबला. नंतर एका वयस्कर दुभाष्याने बाजूला घेऊन सांगितलं, ‘अहो, हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरायचा, आपण त्यांच्याबद्दल नाही.’

त्याजागी काय लिहायला हवं होतं? ‘केइकेन गा आसाई’, अनुभव उथळ आहे, हेही जरा टोचतंच. ‘नोबिशिरो गा आरु’, वाढायला वाव आहे, हे उत्तम. ‘काइझेन नो योची गा आरु’, सुधारणेला जागा आहे, हेही चांगलं. पण इथे ‘योची’ आखूड म्हणा. लांबवून ‘योओची’ म्हणालात तर तो ‘पोरकट’ होतो, आणि सारवासारव करायला गेलेली व्यक्ती आणखी खोलात जाते.

याच ‘मि’चा असाच प्रवास झालेला दुसरा शब्द ‘मिबोजिन’, म्हणजे विधवा. शब्दशः ‘अजून न मेलेली’. चिनी परंपरेत तो विधवेने स्वतःविषयी नम्रपणे वापरायचा शब्द होता. मग लोक तिला तो म्हणू लागले, आणि तिथे तो क्रूर झाला. आता जबाबदार लिखाणात टाळतात. स्वतःसाठी घडवलेला नम्र शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेला की काय होतं, याचं याहून बोचरं उदाहरण मला माहीत नाही.

अ‍ॅनिमेमध्ये तर सगळे एकमेकांना ‘मिजुकुमोनो!’ म्हणून ओरडतात.

ओरडतात, कारण तिथे तलवारबाजीचे गुरू असतात आणि शिष्य चुकतात. शेवटी ‘मे’ लावून ‘मिजुकुमोनो मे!’ झालं की तुच्छता आणखी गडद. ऑफिसमध्ये करून बघू नका. अ‍ॅनिमेतून शिकलेल्या जपानीचं दुखणं हेच, शब्द बरोबर असतो आणि खोली चुकीची.

‘पोरकट’ला काय म्हणतात? मिजुकु नाही का?

नाही. मिजुकुमध्ये दोष वेळेचा असतो, पोरकटपणात वागण्याचा. त्यासाठी हे शब्द वेगळे ठेवा:

कोदोमोप्पोई म्हणजे पोरकट. ‘प्पोई’ हा प्रत्यय बहुतेक वेळा नाक मुरडणारा. त्याच ‘कोदोमो’ला (मूल) ‘राशी’ लावून कोदोमोराशी केलं की अर्थ गोड होतो: मुलाने मुलासारखं निरागस असणं. एकाच मुलाचे दोन प्रत्यय.

योओची म्हणजे बालिश, तर्काने किंवा वागण्याने. बालवाडीला ‘योओचिएन’ म्हणतात, त्यातलाच हा शब्द.

ओतोनागेनाई हा माझा लाडका. ‘मोठ्या माणसाला न शोभणारं.’ तो मुलाला लावताच येत नाही. पाच वर्षांच्या भाच्याशी कॅरम खेळताना जिंकण्यासाठी जीव तोडणारा मामा ओतोनागेनाई. आपण ज्या छोट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेतो आणि बाद करत नाही, त्यालाही बाद करणारा मामा.

‘आओनिसाई’ म्हणजे निळा? नवख्या माणसाचा निळ्या रंगाशी काय संबंध?

‘आओ’ म्हणजे निळाही आणि हिरवाही. जुन्या जपानीत दोन्हीला एकच शब्द होता आणि तो अजून चिकटून आहे: सिग्नलचा हिरवा दिवा तिकडे ‘आओ’, हिरवं सफरचंद ‘आओ’. तेव्हा आओनिसाई हा हिरवा, म्हणजे कच्चा पोरगा. ‘कालचं पोर’ म्हणताना जो स्वर लागतो, तो. यातल्या ‘निसाई’बद्दल एकाहून जास्त कथा आहेत; एक माशाच्या पिल्लांवरून सांगतात.

आओचं कुटुंब मोठं आहे. ‘आओकुसाई’ म्हणजे कच्च्या गवताचा वास येणारा: पुस्तकी आदर्शांनी भारलेला तरुण. ‘शिरी गा आओई’, ढुंगण अजून निळं, हे लहान बाळांच्या पाठीखाली दिसणाऱ्या निळसर डागांवरून. आपल्या बाळांनाही ते असतात, म्हणून आजीला हा वाक्प्रचार समजावायला वेळ लागला नाही. पक्ष्यावरून ‘कुचिबाशी गा किइरोई’, चोच अजून पिवळी. आणि ‘चिचिकुसाई’, अंगाला दुधाचा वास येणारा. आपण ‘ओठ पिळले तर दूध निघेल’ म्हणतो, दूध तेच.

हे सगळे शब्द दुसऱ्याला हिणवायला आहेत. स्वतःला आओनिसाई म्हणता येतं, पण थोडं नाटकी वाटतं.

‘हान्निन्माए’ आणि मिजुकु यांत काय फरक?

‘इचिनिन्माए’ म्हणजे एका माणसाचं ताट, खानावळीतलं ‘एक प्लेट’. तोच शब्द धंद्यात पुरता तयार झालेल्या माणसाला. हान्निन्माए म्हणजे अर्धी प्लेट, अर्धा माणूस, अजून उमेदवारी करणारा. सुशीच्या धंद्यात जुनी म्हण आहे, ‘मेशिताकी सान्नेन, निगिरी हाचिनेन’: भात शिजवायला तीन वर्षं, सुशी वळायला आठ. तोवर अर्धीच प्लेट. मिजुकु कशालाही लागतो, हान्निन्माए मुख्यतः कामधंद्याला.

‘चूनिब्यो’ हा पण यातलाच का?

लांबचा नातेवाईक. ‘इयत्ता आठवीचा आजार’. तेरा-चौदाव्या वर्षी आपण जगावेगळे आहोत असं वाटू लागतं, ते. हिकारु इजुइन या रेडिओ निवेदकाने १९९९ मध्ये आपल्या कार्यक्रमात हा शब्द वापरला आणि तिथून तो पसरला. नावात ‘आजार’ असला तरी वैद्यकीय काही नाही.

दवाखान्यात ‘मिजुकुजी’ ऐकलं. ते काय?

दिवस पुरे भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ. १९६५ च्या माता-बाल आरोग्य कायद्यात हा शब्द आहे. डॉक्टर मात्र आता वेगळे, नेमके शब्द वापरतात: वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘तेइशुश्शो ताइजूजी’, ३७ आठवड्यांआधी जन्मलं असेल तर ‘सोझान्जी’. आईसमोर बाळाला ‘कच्चं’ म्हणू नये, हा त्यातला माणुसकीचा भागही आहे. जपानमध्ये बाळंतपणाला थांबलेल्या मराठी कुटुंबांना फॉर्मवर जुना शब्द दिसला तर दचकू नका.

कायद्याने ‘अज्ञान’ असलेल्याला मिजुकु म्हणतात का?

नाही, ‘मिसेइनेन’ म्हणतात: ‘अजून पूर्ण वयाचा नाही.’ पुन्हा तेच ‘मि’. सज्ञान होण्याचं वय १८७६ पासून वीस होतं. १ एप्रिल २०२२ पासून अठरा झालं. दारू आणि सिगारेटसाठी मात्र वीसच. आपल्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ लिहिलेलं असतं. सतरा वर्षांच्या हुशार पोरीला आपला कायदा सरळ ‘अज्ञान’ म्हणतो. या एका बाबतीत जपानी शब्द जास्त सभ्य आहे.

मिजुकु असणं चांगलंही मानतात का?

चांगलं नाही, पण विसरू नये असं मानतात. जपानी शाळांच्या भिंतीवर एक वाक्य दिसतं: ‘शोशिन वासुरु बेकाराझु’. आज सगळे त्याचा अर्थ ‘सुरुवातीचा उत्साह विसरू नका’ असा घेतात. हे वाक्य ‘नो’ या जुन्या जपानी मुखवटा-नाट्याचा नट आणि लेखक झेआमी याचं, १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या ‘काक्यो’ या ग्रंथातलं. त्याला उत्साह अभिप्रेत नव्हता. ‘शोशिन’ म्हणजे त्याच्या लेखी नवखेपणातला कच्चेपणा. आपण किती वाईट होतो ते ध्यानात ठेव, नाहीतर परत तिथेच जाशील, असा रोखठोक धंदेवाईक सल्ला आहे तो.

आणि तो तीन शोशिन सांगतो: तरुणपणीचा, पुढे प्रत्येक टप्प्यावर नव्याने येणारा, आणि म्हातारपणीचा. म्हातारपणीही एक नवखेपणा असतो, कारण म्हातारं शरीर घेऊन रंगमंचावर उभं राहणं ही गोष्ट माणूस पहिल्यांदाच करत असतो. साठी ओलांडलेल्या एका विद्यार्थ्याने हे वाचल्यावर वही मिटली आणि म्हणाले, ‘म्हणजे गुडघे दुखतात तो माझा मिजुकु.’ व्याकरणाने चूक, पण मी दुरुस्त केलं नाही.

विरुद्धार्थी शब्द कोणते?

सेइजुकु, परिपक्व. जुकुरेन, सराईत. एन्जुकु, मुरलेला, विशेषतः कलावंत. सोजुकु, वयाआधी पिकलेला, म्हणजे आपला ‘अकाली प्रौढ’. आणि मधला ‘हान्जुकु’, अर्धा शिजलेला. पण तो माणसाला नाही, अंड्याला. रामेनच्या (नूडल्सच्या सूपच्या) वाडग्यात पिवळा बलक थरथरतो ना, ते हान्जुकु तामागो.

नोकरीच्या मुलाखतीत ‘मादा मिजुकु देसु’ म्हणू का?

एकदा, सुरुवातीला, आणि लगेच पुढे आपण काय शिकतोय ते सांगून. ‘निहोन्गो वा मादा मिजुकु देसु गा’ म्हणून थांबलात तर ते नम्रतेऐवजी तयारी नसल्यासारखं वाटतं. त्या ‘गा’ने, म्हणजे ‘पण’ने, दार उघडलेलं असतं. पलीकडे काहीतरी ठेवा.

हा शब्द जेएलपीटीच्या (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या) कुठल्या पातळीचा?

एन-१ च्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीच्या, पुस्तकांत सापडेल. पण ‘मि’ आणि त्याचे मिराई, मितेई, मिमान (‘पेक्षा कमी’) हे शब्द आधीच भेटतात, तेव्हा वाट बघू नका.

शिकवणीच्या क्लासला ‘जुकु’ म्हणतात. तोच का हा जुकु? आणि टोकियोतल्या शिंजुकुमधला?

दोन्ही नाही. क्लासचं अक्षर दिसायला याच्यासारखंच, पण तळाशी विस्तवाऐवजी माती. शिंजुकुचा जुकु म्हणजे मुक्कामाची जागा, वाटसरूंचं ठाणं. माझी एक विद्यार्थिनी मात्र ठामपणे सांगते की क्लासला जाऊन जो पिकत नाही तो मि-जुकु.